कापसाचे हिम आणि कोपीतला नाताळ

परदेशी वास्तव्यास गेलेल्या आपल्या कुटुंबांचे नाताळचे पत्र पूर्वी जानेवारीच्या मध्यास येई. आता पत्र येत नाही; छायाचित्र येते, आणि तेही त्याच रात्री. आपल्या धर्मग्रामांतील काही तरुण मंडळी कॅनडा, जर्मनी, इंग्लंड अशा देशांत शिक्षणास, रुग्णसेवेच्या कामास वा नोकरीस गेली आहेत. ज्या कुटुंबाचा तिकडचा पहिलाच हिवाळा असतो, त्याचे छायाचित्र बहुधा ठरलेले असते: मागे पांढरेशुभ्र अंगण, हिमाच्या भाराने वाकलेली झाडे, कानांवर टोप्या ओढलेली मुले आणि हिमाच्या गोळ्याला गाजराचे नाक लावून उभा केलेला बाहुला. नाताळच्या मिस्सानंतर हे छायाचित्र चर्चच्या आवारात हातोहात फिरते. आजीबाई ते डोळ्यांजवळ नेऊन पाहतात, मुलांची दृष्ट काढल्यासारखे करतात, आणि मग कोणीतरी ते वाक्य उच्चारतोच : "नाताळ असावा तर असा. खरा नाताळ तिकडचाच!"

या वाक्याशी आमचे भांडण आहे. छायाचित्रातल्या कुटुंबाशी नाही, त्यांच्या मुलांच्या आनंदाशी तर मुळीच नाही. ज्याने जन्मात हिम पाहिले नाही, त्याने ते प्रथम पाहिल्यावर हरखून जावे हे स्वाभाविकच आहे. परंतु धाराशिव जिल्ह्यात, कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाने 'खरा नाताळ तिकडचाच' असे म्हणावे, आणि ऐकणाऱ्या चारचौघांनी माना डोलवाव्यात, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. खरा ख्रिस्तजन्म दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात होतो आणि आपल्या वाट्यास त्याची नक्कल येते, असा विश्वास त्या वाक्याच्या पोटात दडलेला आहे. हा विश्वास आपण मुलांना शब्दांनी शिकवत नाही, कापसाने शिकवतो. डिसेंबर उजाडला की बाजारातून कापसाचे गठ्ठे येतात आणि गव्हाणीच्या देखाव्यावर, गोठ्याच्या छपरावर, मेंढपाळांच्या खांद्यांवर पसरले जातात. येशूबाळाच्या गव्हाणीतही कापूसच! बालकाला उबेसाठी कापूस ठेवला असता तर आम्ही एक शब्द बोललो नसतो. पण तो कापूस ऊब म्हणून ठेवलेला नसतो; तो हिम म्हणून ठेवलेला असतो.

त्या छायाचित्रात जे दिसत नाही, ते आधी पाहावे. तिकडे गेलेल्या कुटुंबाला हिम हा देखावा नसतो. डिसेंबरात दुपारी साडेचार-पाचलाच अंधार पडतो. रात्री पडलेले हिम सकाळी फावड्याने उपसावे लागते. कित्येक शहरांत घरापुढचा पादचारी मार्ग मोकळा करणे हे त्या घराचेच कर्तव्य मानले जाते. ते वितळून पुन्हा गोठले की त्याची काच होते, आणि तिच्यावरून पोराला कडेवर घेऊन बसच्या थांब्यापर्यंत जाणे ही परीक्षाच असते. नव्याने आलेल्या माणसास सणाच्या दिवशी सुटी मिळेलच असे नाही. रुग्णालयातील पाळ्यांना नाताळ नसतो. मिस्सा होते, पण मिस्सानंतर हात धरून "या, घरी चला, फराळ करा" म्हणणारे कोणी नसते. तरीही ते कुटुंब त्या अंधारात चर्च शोधून काढते, स्वयंपाकघरात करंज्यांचा पहिला घाणा बिघडला तर दुसरा काढते, आणि मुलांना मराठी नाताळगीत म्हणावयास लावते. त्या नाताळचे मोल यात आहे. हिमामुळे तो नाताळ खरा झालेला नाही. हिमात, एकटेपणात आणि परमुलखातही त्यांनी तो सोडला नाही, म्हणून तो खरा आहे. आपण मात्र त्यांच्या साऱ्या कष्टांतून हिम तेवढे उचलले आणि कष्ट तेथेच टाकून दिले.

हिम आले कोठून?

शुभवर्तमानात हिम नाही. संत लूकच्या दुसऱ्या अध्यायात शिरगणतीचा हुकूम आहे, लांबचा प्रवास आहे, उतरावयास जागा नसणे आहे, बाळंत्यात गुंडाळलेले बालक आहे, गव्हाण आहे आणि रानात रात्रीचा पहारा करणारे मेंढपाळ आहेत. संत मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात तारा आहे, पूर्वेकडील ज्ञानी आहेत, क्रूर राजा आहे आणि जीव वाचविण्यासाठी परदेशी पळालेले कुटुंब आहे. बेथलेहेम समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेआठशे मीटर उंचीवरचे डोंगरी गाव आहे. तिकडचा हिवाळा हा पावसाचा काळ. थंडी बोचरी असते, आणि एखाद्या वर्षी हिमही पडते. २०१३ च्या डिसेंबरात जेरुसलेम परिसरात ते भरपूर पडले होते. म्हणजे हिम तेथे अशक्य होते असे नव्हे. परंतु शुभवर्तमानकारांना ते सांगण्याजोगे वाटले नाही. त्यांना जे सांगावेसे वाटले ते गव्हाण हे होते.

मग हिम आले कोठून? ते उत्तर युरोपातून आले, आणि आले ते योग्य कारणाने आले. ब्रॉयगेल या फ्लेमिश चित्रकाराने १५६६ साली बेथलेहेमच्या शिरगणतीचे एक चित्र रंगविले. त्यातले बेथलेहेम म्हणजे त्याच्याच मुलखातले हिमाने झाकलेले खेडे आहे. घराच्या खिडकीशी कर भरणाऱ्या लोकांची गर्दी लोटली आहे, मुले गोठलेल्या पाण्यावर घसरत खेळत आहेत, आणि त्या गर्दीत गाढवावर बसलेली एक गर्भवती स्त्री आहे. तिच्याकडे कोणाचे लक्षही नाही. ब्रॉयगेलने हिम रंगविले, कारण त्याच्या दारात हिम होते. ख्रिस्त माझ्या गावात, माझ्या ऋतूत, माझ्या शेजाऱ्यांच्या गर्दीत जन्मास येतो आणि माझे लक्ष नसते, असे त्याला म्हणावयाचे होते. आता त्याचे अनुकरण करावयाचे तर ते कसे करावे? त्याचे हिम उचलून आपल्या गोठ्यावर पसरणे हे अनुकरण नव्हे. कळंबच्या किंवा भूमच्या तहसील कचेरीसमोर दाखल्यांसाठी उभी असलेली रांग रंगवावी, आणि त्या रांगेत संत योसेफाला उभे करावे, हे त्याचे खरे अनुकरण.

पुढे या हिमाचे काय झाले, तेही ठाऊक असावे. १८४३ साली लंडनमध्ये नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र विक्रीस आले, आणि त्याच वर्षी डिकन्सची नाताळवरील ती सुप्रसिद्ध कथा प्रसिद्ध झाली. १८४८ साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे नाताळवृक्षाभोवतीचे चित्र तेथील एका सचित्र साप्ताहिकाने छापले, आणि मूळचा जर्मन असलेला तो वृक्ष घरोघर गेला. १९४२ साली 'व्हाइट ख्रिसमस' हे गीत एका अमेरिकन चित्रपटातून जगभर गेले. ते रचणारे आयर्विंग बर्लिन हे धर्माने यहुदी होते, आणि गीताचा विषय येशूचा जन्म नसून गावाकडच्या हिमाची आठवण हा आहे. त्या गीताविषयी आमची तक्रार नाही. घरापासून दूर असलेल्या माणसाची ओढ त्यात आहे, आणि ती प्रामाणिक आहे. परंतु दुसऱ्याच्या गावची आठवण आपण आपली म्हणून गाऊ लागलो की आपल्या गावची आठवण कोणी काढावयाची? शुभेच्छापत्रांनी, दुकानांच्या काचांनी आणि चित्रपटांनी हिमाला नाताळचा गणवेश करून टाकले. ज्याच्या अंगावर तो गणवेश नाही, त्याचा नाताळ खोटा ठरू लागला. दक्षिण गोलार्धातील ऑस्ट्रेलियात नाताळ भर उन्हाळ्यात येतो. तेथील श्रद्धावंतांचा ख्रिस्त काय अर्धवट जन्मतो?

तेरचा कापूस

कापसाचा विषय निघालाच आहे, तर आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेरणाकाठचे तेर आपण संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखतो. त्या गावाचे प्राचीन नाव तगर. ख्रिस्ती सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची जी माहिती लिहून ठेवली, तीत तगरचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर आहे, आणि तेथून तऱ्हेतऱ्हेचे सुती कापड गाड्यांत भरून, अवघड वाटांनी भडोच बंदरात येते, असे तो सांगतो. भडोचहून ते कापड जहाजांतून रोमन साम्राज्याकडे जाई. तेरच्या उत्खननात त्या व्यापाराच्या खुणा सापडल्या आहेत, आणि गावातील लामतुरे वस्तुसंग्रहालयात प्राचीन तगरचे वैभव आजही पाहावयास मिळते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्या साम्राज्याच्या बादशहाने शिरगणतीचा हुकूम काढला आणि मरिया-योसेफांना बेथलेहेमची वाट धरावयास लावली, त्या साम्राज्याच्या बाजारपेठा त्याच शतकात आपल्या तेरच्या कापसाला ओळखत होत्या. येशूच्या काळाशी आपल्या भूमीचा असा नातेसंबंध असताना, दोन हजार वर्षांनंतर त्याच भूमीतील ख्रिस्ती माणसे त्याच कापसाचा उपयोग आपली भूमी झाकून टाकण्यासाठी करतात! तेरच्या विणकराने हे ऐकले असते तर तो काय म्हणाला असता?

आणि झाकतो तरी काय? शुभवर्तमानात जे आहे ते सारे आपल्या दारात आहे. 'गव्हाण' हा शब्द युरोपातील शहरी मुलास समजावून सांगावा लागतो. आपल्या मुलाने गव्हाणीत वैरण टाकलेली असते. नाताळच्या सुमारास आपल्या शिवारात शाळू कमरेच्या वर आलेला असतो, तूर काढणीस येते, हरभऱ्यास घाटे धरू लागतात. धनगर बांधव मेंढरांचा वाडा शेतात बसवितात आणि रात्री शेकोटीशी जागतात. देवदूताने आज निरोप द्यावयाचा ठरविले तर त्याला पहिल्यांदा तेच जागे सापडतील. आपल्या जिल्ह्याच्या नावाने देशभर ओळखली जाणारी काळी उस्मानाबादी शेळी आपल्या अंगणात बांधलेली असते. आणि देखाव्यात मात्र लोकर फुललेल्या पांढऱ्या प्लास्टरच्या मेंढ्या! संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो येथे गव्हाणीचा पहिला देखावा उभा केला, तेव्हा त्याने बाजारातून काही आणले नाही. त्याने गावातले गवत, गावातला बैल आणि गावातले गाढव आणविले. बेथलेहेमचे दारिद्र्य लोकांना डोळ्यांनी दिसावे एवढीच त्याची इच्छा होती. आपल्या कापसाने नेमके तेच दारिद्र्य दिसेनासे होते.

आमच्या म्हणण्यात नवे काही नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. हिम त्यांच्या बालपणीचे. १५७९ साली ते गोव्यास आले, येथील भाषा शिकले, आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीतून छापून निघाले. ज्याच्या डोळ्यांत हिमाची खरी आठवण होती, त्याने ती बाजूस ठेवून आपली ओवी हाती घेतली. आणि ज्यांच्या ओठांवर ओवी होती, त्यांनी ती बाजूस ठेवून हिम हाती घ्यावे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या आपल्या संविधानात, आणि १९६५ साली मिशनकार्याविषयीच्या आदेशात, स्थानिक लोकांच्या रीती, कला व परंपरा यांना ख्रिस्तसभेच्या जीवनात मानाचे स्थान दिले. मिस्सा मराठीत आली. त्यास आता दोन पिढ्या झाल्या. परंतु गव्हाणीचे भाषांतर करण्याचे आपल्याकडून राहून गेले आहे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप माउलींचा असतो : "फादर, मुलांना मौज वाटते, ती कशाला हिरावता?" मुलांची मौज कोणी हिरावू नये. परंतु मुलास मौज देण्यास हिमच लागते, हा समज मोठ्यांचा आहे. जिवंत करडू गोठ्यात बांधून पाहावे. एक मूल कापसाकडे ढुंकून पाहणार नाही.

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा : ख्रिस्तसभा सार्वत्रिक आहे, तिला प्रदेशाच्या सीमा कशाला? ती सार्वत्रिक आहे हे खरेच. पण सार्वत्रिक म्हणजे सर्वत्र एकसारखी असे नव्हे, तर सर्वत्र आपल्या घरी असलेली. फिलिपिन्समधील श्रद्धावंत बांबू आणि कागदाचे तारे करतात, नाताळपूर्वी नऊ दिवस पहाटेच्या मिस्सेस जातात. त्यांचा नाताळ कमी कॅथलिक झाला नाही. देव 'सर्वसाधारण मनुष्य' झाला नाही. तो एका विशिष्ट गावी, विशिष्ट मातेच्या पोटी, विशिष्ट बोली बोलणारा मनुष्य झाला. देहधारणेचा हा सिद्धान्त मानणाऱ्याने आपल्या गावाची लाज बाळगणे हा त्या सिद्धान्ताचाच नकार होय.

तिसरा आक्षेप ज्येष्ठांचा आहे, आणि तो आम्ही आदराने ऐकतो. देशी रूप देता देता आपला विश्वासच पातळ होईल, ही त्यांची भीती. त्यांना आम्ही नम्रपणे विचारतो : गव्हाणीत कडबा घातल्याने विश्वास पातळ होतो आणि कापूस घातल्याने घट्ट होतो, असे कोणत्या धर्मशिक्षणात सांगितले आहे? हिम हा श्रद्धेचा विषय नाही. ते हवामान आहे.

एक गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. 'हा धर्म परका आहे, ही माणसे परक्यांची आहेत' असे म्हणणारे लोक पूर्वीही होते, आजही आहेत. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत, संत गोरोबांच्या नावाने उभारलेल्या साहित्यनगरीत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. केवळ ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून काही मंडळींनी त्यांच्या निवडीस विरोध केला. त्या विरोधाचे उत्तर कोणत्याही घोषणेने दिले गेले नाही. ते फादरांच्या मराठीने दिले. ज्यांनी 'सुबोध बायबल' मराठीस दिले आणि त्यासाठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळविला, त्यांना परके म्हणणार कसे? २०२४ च्या जुलैत फादर आपल्यातून गेले. त्यांच्या अध्यक्षपदाने आपल्या जिल्ह्याच्या मातीत जे मिळविले, ते आपण दर डिसेंबरात शे-दोनशे रुपयांच्या कापसाने घालवू नये. आपल्या गोठ्यावर परदेशाचे हिम घालून आपण परकेपणाचा पुरावा आपल्याच हाताने लिहून देत असतो.

कोपीतला नाताळ

येथपर्यंतचे लिहिणे देखाव्याविषयी झाले. परंतु केवळ देखाव्यासाठी आम्ही लेखणी उचलली नसती. हिम नुसते गोठा झाकत नाही. ते माणसेही झाकते.

मध्यरात्रीच्या मिस्सेस आपल्या गावांतील किती घरे रिकामी असतात, हे जरा मोजावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते. उन्हाळ्यात, पावसाळ्यात घेतलेली उचल फेडावयाची असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. संसार गाडीत चढतो, आणि मागे उरतात म्हातारी माणसे. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कोणी कर्नाटकात. कारखान्याच्या तळावर किंवा उसाच्या फडाशेजारी बांबू, पाचट आणि कागद यांची कोपी उभी राहते. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते, आणि अंधारातच फडात उतरते. ऊस तोडावा, पाचट काढावे, मोळ्या बांधाव्यात, डोक्यावरून वाहून गाडीत भराव्यात. गाडी रात्री आली तर रात्री भरावी. वाढे विकून मीठ-मिरचीचा खर्च निघतो. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. आणि गाळप नाताळसाठी थांबत नाही. शाळेतील मूल शाळा सोडून येते आणि धाकट्यास सांभाळते. असा त्या कुटुंबाचा घरापासून दूर गेलेला पहिला नाताळ असतो, दुसरा असतो, दहावाही असतो. त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. काढलेच, तर ते आपल्या आवारात हातोहात फिरत नाही.

आम्ही हे तुलनेसाठी तुलना म्हणून लिहीत नाही. परदेशी गेलेले कुटुंब आणि ऊसतोडीस गेलेले कुटुंब हे पुष्कळदा एकाच गल्लीतले, कधी एकाच भावकीतले असते. दोघांनाही घराबाहेर काढणारी गोष्ट एकच : ही पर्जन्यछायेतील जमीन, जी एका वर्षी जाळते आणि दुसऱ्या वर्षी वाहून नेते. २०१५-१६ चा दुष्काळ कोणी विसरलेला नाही. २०२५ च्या सप्टेंबरातील पुराने परंडा-भूम भागातील शेते खरवडून नेली, ते तर ताजेच आहे. एक जण बँकेचे कर्ज काढून गेला, दुसरा मुकादमाची उचल घेऊन गेला. एकाच्या हाती पदवी होती, दुसऱ्याच्या हाती कोयता. दोघांचाही नाताळ परमुलखात आहे. दोघेही थंडीत उठून दुसऱ्याच्या कामावर जातात. मग एकाच्या नाताळला आपण 'खरा' म्हणतो आणि दुसऱ्याच्या नाताळची चौकशीही करीत नाही, याचे कारण काय? एका छायाचित्रात हिम आहे आणि दुसऱ्यात पाचट आहे, याहून दुसरे कारण आम्हास सापडत नाही.

शुभवर्तमान पाचटाच्या बाजूस आहे, हे सांगण्यास फार विद्वत्ता लागत नाही. वरच्यांचा हुकूम निघाला म्हणून दिवस भरलेल्या बायकोला घेऊन प्रवासास निघालेला कारागीर. उतरावयास जागा नाही. बाळंतपण जनावरांच्या निवाऱ्यात. आणि पहिले भेटीस आलेले लोक रात्रपाळीवरचे मजूर. ज्या बाईस फडात कळा सुरू झाल्या आणि कोपीत बाळंत व्हावे लागले, तिला बेथलेहेमचा अर्थ समजावून देण्याची गरज नाही. १९९३ च्या सप्टेंबरातील भूकंपानंतर किल्लारी-सास्तूर परिसरातील माणसांनी तो नाताळ ज्या पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांतून पाहिला, त्या निवाऱ्यांनाही तो अर्थ समजावून द्यावा लागला नसता. अशा भूमीत राहून आपण गव्हाणीसाठी हिमाचा शोध घेत फिरावे, यापरते दुर्दैव कोणते?

काय करावे?

नुसती टीका करून थांबणे आम्हास शोभणार नाही. म्हणून येत्या आगमनकाळासाठी आमचे काही सांगणे आहे.

गव्हाणीच्या देखाव्यात कापसाचे हिम घालू नये. कडबा घालावा, पाचट घालावे, मातीचे गोठे मुलांकडूनच करवून घ्यावेत. मेंढपाळांना आपल्या धनगर बांधवांची घोंगडी पांघरावी, आणि कळपात काळी शेळी असावी. तारा ठेवावा, तो शुभवर्तमानातला आहे. वृक्ष कोणास हवा असेल तर ठेवावा. आमचे भांडण झाडाशी नाही.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी प्रत्येक धर्मग्रामाने ऊसतोडीस गेलेल्या आपल्या कुटुंबांची यादी करावी : कोण, कोणत्या कारखान्याच्या तळावर. ती यादी त्या भागातील धर्मगुरूंकडे पाठवावी, म्हणजे नाताळच्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी, गाड्या भरून झाल्यावर, तळावरच त्यांच्यासाठी मिस्सा होऊ शकेल. आपल्या जिल्ह्यातही साखर कारखाने आहेत, आणि त्यांच्या तळांवर इतर जिल्ह्यांतून आलेली माणसे आहेत. त्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती हे विचारीत बसू नये. सजावटीचा पैसा वाचेल त्यातून ब्लँकेटे घ्यावीत आणि तरुण मंडळाने ती स्वतः नेऊन द्यावीत. ज्या घरी आजी-आजोबा एकटे आहेत, तेथे नाताळच्या दिवशी कोणी ना कोणी जेवावयास जावे किंवा त्यांना घेऊन यावे. पोरांची शाळा सुटू नये म्हणून शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना केली आहे. ज्यांना अर्ज भरता येतो, त्यांनी ज्यांना येत नाही त्यांचे अर्ज भरून द्यावेत. धर्मभगिनींनी हे काम पूर्वीही केले आहे. त्यांना मदतनीस हवे आहेत.

आणि परदेशी असलेल्या आपल्या कुटुंबांना आमचे एक सांगणे आहे. हिमाचे छायाचित्र पाठवा. आम्ही ते आनंदाने पाहू. पण त्यासोबत चार ओळी लिहाही. पहिल्या हिवाळ्यात भीती कशाची वाटली, मिस्सानंतर कोणी बोलले की नाही, मुलाने पहिल्यांदा 'घरी जायचे' म्हटले तेव्हा त्याला काय सांगितले, तुमच्या रस्त्यावरचे हिम पहाटे कोण उपसते आणि तो माणूस कोणत्या देशातून आला आहे, हे लिहा. तो तुमच्या हिमाचा खरा वृत्तान्त होईल. तुमचे पत्र आम्ही ऊसतोडीच्या तळावर वाचून दाखवू, आणि तळावरच्या माणसांचा निरोप तुम्हास कळवू. दोन्हीकडे पहाटे थंडी असते. दोन्हीकडे कोणीतरी अंधारात उठून दिवा लावत असते.

या अंकाच्या संपादकांनाही एक विनंती आहे. नाताळ अंकाच्या मुखपृष्ठावर दर वर्षी हिमाच्छादित चर्च छापण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. पुढील नाताळास एखाद्या कोपीचे छायाचित्र छापावे, आणि आतील पानावर तेथील एखाद्या माउलीने तिच्या बोलीत सांगितलेला तिचा नाताळ, एकही शब्द न बदलता द्यावा. तो मजकूर मिळवून आणण्याची जबाबदारी आम्ही घेतो.